बीट बंद, बीट सुरू

हळदीच्या बीटात, म्हणजे लिलावात, ढिगाभोवती तिघे असतात. माल आणलेला शेतकरी, त्याचा अडत्या आणि बोली लावणारा खरेदीदार. माल कुणाचा हे विचारावं लागत नाही. पैसा कुणाचा हे मात्र नीट बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळलं की अडत्यांना संघटना कशाला लागते याचं निम्मं उत्तर हाती येतं.

हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड हे बघायला चांगली जागा आहे. नामदेवांचं नरसी इथून जवळच. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते, कुकरमध्ये शिजते, उन्हात पसरून वाळते, ड्रममध्ये पॉलिश होते आणि मग ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून, पिकअपमधून इकडे निघते. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा हे तालुके तर आहेतच, शेजारच्या वाशीम, परभणी, नांदेडकडूनही माल येतो. वसमतचा मोंढा वेगळा, त्याचा तोरा वेगळा. तिथल्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हंगामात यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते. आपला नंबर कधी लागेल ते न कळता माणसं गाडीच्या सावलीत पडून असतात.

आत प्रत्येक अडत्याच्या दुकानापुढे ढीग असतात. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. बीट सुरू झालं की खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. बोली फार वेळ चालत नाही. मुरलेला खरेदीदार आधी ढिगाच्या पोटात हात घालतो, कारण वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. आतली एक कांडी काढून ती मोडतो. वाळलेली कांडी कटकन तुटते. ओल असली की ती आधी किंचित वाकते आणि मग मुकाट्याने तुटते. तुटलेल्या तोंडाचा रंग बघायचा, एखादा ते नखाने खरवडतो, एखादा वास घेतो. मग आकडा. दुसऱ्याचा आकडा, पुन्हा पहिल्याचा. भाव फुटला की अडत्या शेतकऱ्याकडे बघतो. "मामा, द्यायची का?" मामा होय म्हणतात, नाहीतर "थोडं थांबू" म्हणतात. थांबलं तर ढीग तसाच राहतो आणि घोळका पुढे गेलेला असतो.

सौदा ठरला की काटा. हमाल पोती भरतात, मापाडी वजन घेतो, काटापट्टी तयार होते. तिच्यावरून दुकानातला मुनीम हिशोबपट्टी करतो. हमाली, तोलाई जे काय असेल ते वजा करून खाली शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. माल विकला त्याच दिवशी पैसे चुकते करायचे, असा 1963 च्या बाजार समिती कायद्याचा दंडक आहे.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. शेतकऱ्याला पैसे आज द्यायचे, आणि खरेदीदार पैसे देणार काही दिवसांनी. कारण तो हा माल सांगलीला, निजामाबादला किंवा एखाद्या मसाला कारखान्याला पाठवणार, तिकडून त्याचे पैसे सुटणार आणि मग तो इकडे देणार. मधले दिवस कोण सोसतो? अडत्या. भाव चौदा हजार रुपये क्विंटल धरला, तर तीस क्विंटलच्या एका ट्रॉलीचे 4 लाख 20 हजार होतात. अशा वीस ट्रॉल्या आठवड्यात एका दुकानावर उतरल्या तर 84 लाख रुपये बाहेर. अडतीचा शेकडा ठरलेला असतो आणि तो पट्टीवर दिसतो. पण अडत्या कमावतो किंवा बुडतो तो या मधल्या दिवसांत. 2023 च्या सुरुवातीला सहा-सात हजारांत रेंगाळणारी हळद त्याच पावसाळ्यात बारा हजारांच्या पुढे गेली, तेव्हा शेतकरी खूश होता. अडत्यांच्या दुकानांत मात्र त्या तेजीला दुसरी बाजू होती. तेवढ्याच पोत्यांसाठी जवळपास दुप्पट भांडवल अडकत होतं.

या उधारीला लेखी तारण जवळजवळ नसतं. असतो तो शब्द, आणि त्या शब्दाला धाक असतो संघटनेचा. कायद्याने पाहिलं तर आडत-व्यापारी संघटनेच्या हातात काहीच नाही. परवाना देणं, रद्द करणं हा बाजार समितीचा अधिकार. संघटना फार तर निवेदन देऊ शकते. पण एखाद्या खरेदीदाराकडे पैसे अडकले आणि मुदत उलटून गेली, की अडत्या आधी पोलिसात जात नाही, कोर्टात तर नाहीच. तो संध्याकाळी संघटनेच्या खोलीत जातो. तिथे आणखी दोघे-तिघे निघतात, ज्यांचेही त्याच माणसाकडे अडकलेले असतात. मग त्या खरेदीदाराला फोन. बोलणं गोड असतं. "शेठ, उद्या चहाला या." उद्या तो आला नाही, तर परवापासून त्याच्या बोलीला माल सुटत नाही. कागदावर कुठेही बंदी नाही, ठराव नाही. पण ज्याच्या बोलीला कुणी माल देत नाही, त्याचा परवाना भिंतीवर टांगण्यापुरताच.

अशा एका खोलीत मी एका दुपारी बसलो होतो. तक्रार उधारीची नव्हती, मालाची होती. खरेदीदाराचं म्हणणं, ढीग वरून खणखणीत होता, पोती गोदामात उघडल्यावर आत ओल निघाली. त्याने पोत्याच्या मधून काढलेला नमुना पिशवीत आणला होता. अडत्या म्हणाला, तुम्ही हात घालून बघितलं, बोली तुमची, आता काय? तीन जुने अडते पंच म्हणून बसले. त्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाने पिशवी टेबलावर ओतली आणि काही न बोलता एकेक कांडी मोडून दोन बाजूंना ठेवत गेला. तुटलेली इकडे, वाकलेली तिकडे. वाकलेल्यांचा ढीग लहान होता, पण होता. मग भावातून क्विंटलमागे किती सोडायचं यावर घासाघीस झाली आणि तो बोजा अडत्या आणि खरेदीदार यांनी निम्मा-निम्मा घ्यायचा असं ठरलं. कुणी सही केली नाही. चहा आला.

शेतकरी त्या खोलीत नव्हता. तो त्याच दिवशी पैसे घेऊन गावी गेला होता, आणि त्याच्याकडून आता काही वसूल करायचं नाही हे पंचांनी गृहीतच धरलं होतं. हे मला बरं वाटलं. पण अडत्याने पुढच्या साली त्या शेतकऱ्याचा ढीग उतरवताना काय केलं असेल, हे त्या खोलीत ठरलं नव्हतं.

मध्यस्थांनी एकत्र येऊन आपले नियम आपणच करायचे, ही रीत काही मोंढ्याने शोधलेली नाही. आज ज्याला आपण मुंबई शेअर बाजार म्हणतो, तो 1875 मध्ये नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन म्हणून, म्हणजे दलालांची संघटना म्हणूनच उभा राहिला. त्याआधी दहा वर्षं, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाची तेजी कोसळली होती आणि कोण कुणाचं देणं लागतो याचा मुंबईत चिखल झाला होता. हिंगोलीही त्या काळात कापसाची पेठ म्हणून ओळखली जायची. इथे, निजामाच्या राज्यात, 1930 मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा आला, उघड लिलाव, तपासलेली वजनमापं यांचा आग्रह सुरू झाला. तोवर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत चालायची आणि ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळायचा.

आता रुमाल गेला. बाजार समितीवर 18 संचालक असतात. 11 सेवा सोसायट्यांमधून, 4 ग्रामपंचायतींमधून, 2 अडते-व्यापाऱ्यांचे आणि 1 हमाल-मापाड्यांचा. म्हणजे ज्यांच्या पैशावर बाजार रोज चालतो त्यांच्या जागा दोन. मंडळात हात वर करून ते काही जिंकू शकत नाहीत. त्यामुळे त्यांचं राजकारण मंडळाच्या बाहेर, संघटनेच्या लेटरहेडवर चालतं.

या लेटरहेडची सगळ्यांत अवघड परीक्षा घेतली ती जीएसटीने. शेतमालाच्या अडतीच्या सेवेवर जीएसटी नाही. मग प्रश्न आला, हळकुंड हा शेतमाल आहे का? कायद्याची व्याख्या अशी की शेतकरी सहसा जी प्रक्रिया करतो आणि जिने मालाचा मूळ गुण बदलत नाही, तेवढी केलेला माल शेतमालच. आता हळद शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात. जमिनीतून काढलेला ओला कंद कुणी बीटात आणत नाही. पण सांगलीतल्या एका अडत्याच्या अर्जावर महाराष्ट्राच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये निकाल दिला की वाळवून पॉलिश केलेली हळद या व्याख्येत बसत नाही. तिच्यावर पाच टक्के कर आणि तिच्या अडतीवरही कर. असा निकाल तांत्रिकदृष्ट्या अर्जदारापुरता असतो. तरी त्याचा धसका हळदीच्या प्रत्येक मोंढ्याने घेतला. आज सांगली, उद्या वसमत.

इथे संघटनेचं काम काय होतं? आरडाओरडा नव्हे. शिजवणं हे शेतकऱ्याच्याच कामात मोडतं, हे पटवून देणं. कुकर भाड्याचा असला तरी बांधावर शेतकऱ्याच्याच खर्चाने चालतो, पॉलिशचा ड्रम त्याच्याच खळ्यात फिरतो, आणि या सगळ्याने हळदीची मिरी होत नाही, हळदच राहते. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी लावून धरलेली ही बाजू पुढे अपिलात मान्य झाली आणि हळद पुन्हा शेतमाल ठरली. कर लागला असता तर तो शेवटी बोलीतून वजा झाला असता, म्हणजे मामांच्या खिशातून. त्या वेळी अडत्यांचा स्वार्थ आणि शेतकऱ्याचं हित एकाच बाजूला होतं. असं नेहमी होत नाही.

दुसरा प्रसंग लहान, पण मला जास्त आवडतो. 1 सप्टेंबर 2019 पासून वर्षाला एक कोटीच्या वर रोकड काढली की दोन टक्के कर कापायचा नियम केंद्राने आणला. रोखीत पट्टी चुकती करणाऱ्या अडत्याचा कोटीचा आकडा हंगामात बघता बघता ओलांडला जातो. देशभरातल्या बाजारपेठांतून ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेला, बाजार समितीत शेतकऱ्यांना पैसे चुकते करणारे अडते-व्यापारी त्यातून वगळले गेले. वीस दिवसांत सरकारी नियमाला अपवाद! यामागे कुण्या एका गावच्या संघटनेचं श्रेय नाही. पण प्रत्येक गावची संघटना नसती तर ती ओरड एकाच सुरात झाली नसती.

आणि आता दुसरी बाजू. डिसेंबर 2014 मध्ये पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून अडत घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्या, असा आदेश काढला. अडत्यांनी बाजार बंदचं हत्यार उपसलं, काही दिवसांतच स्थगिती आली. ऑगस्ट 2018 मध्ये हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि 50 हजार दंड अशी तरतूद करायचं राज्य सरकारने ठरवलं. नवा मूग नुकता बाजारात येत होता. ठिकठिकाणी खरेदी थांबली. व्यापाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं: ओला, डागी माल हमीभावाने कोण घेणार, आणि भाव बाजारात पडला तर गुन्हेगार आम्ही का? शेवटी असा कायदा अजून लागू झालेला नाही असं सरकारला सांगावं लागलं. पण त्या दिवसांत पोळ्यासाठी चार पैसे हवे असलेल्या माणसाचा मूग घरात पडून होता, आणि बंद पुकारणाऱ्यांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. उधारी वसूल करून देणारी एकजूट आणि बीट बंद पाडणारी एकजूट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या खोलीत वाकलेल्या कांड्या मोजून न्याय होतो, तिथेच बंदची तारीखही ठरते. एक हवी आणि दुसरी नको, असं म्हणायची सोय मला दिसत नाही. फार तर बंदला किती आधी सूचना हवी, रांगेत असलेला माल उतरवून घ्यायचा की नाही, एवढं तरी बाजार समितीने आपल्या हातात ठेवावं.

दरवर्षीचा बिनभांडणाचा बंद म्हणजे मार्च एंड. संघटनेचं पत्र बाजार समितीला जातं, हिशोब जुळवायचे आहेत, येणी वसूल व्हायची आहेत, बीट काही दिवस बंद ठेवावं. समिती तशी नोटीस काढते. अडत्यांसाठी हे दिवस कामाचेच असतात; खरेदीदारांकडचा जुना बाकी आकडा शून्यावर आल्याशिवाय नव्या हंगामाची उधारी सुरू करायची नाही, हा या सुट्टीचा खरा हेतू. आणि नेमकी तेव्हाच हळद पॉलिश होऊन तयार असते. काढणीच्या मजुरांचे द्यायचे असतात, कुकरवाला दारात असतो. ज्याला धीर धरवत नाही तो खेड्यातच आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. ज्याचं अडत्याकडे खातं आहे तो दुकानात जाऊन उचल मागतो, आणि बीट बंद असलं तरी उचल मिळते. वहीत नावापुढे आकडा पडतो. यार्डाचं फाटक उघडतं, रांग लागते, त्याचाही ढीग पडतो, भाव फुटतो. पट्टी हातात येते तेव्हा हमाली-तोलाईच्याही आधी तो आकडा वजा झालेला असतो.