सत्तावीस विकलांचा त्रिकोण

वडसा, नागपूर आणि चंद्रपूर ही तीन गावे सरळ रेषांनी जोडा; कागदावर नव्हे, जमिनीवर. या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा सुमारे २७ विकलांनी जास्त भरते. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पृथ्वी गोल असल्याने साधारण दर १९७ चौरस किलोमीटरला एक विकला वाढते, आणि आपला त्रिकोण सुमारे ५,३०० चौरस किलोमीटरचा आहे. शाळेच्या फळ्यावर हे उदाहरण कधीच येत नाही, ही माझी जुनी तक्रार.

या वाढीव विकलांचा हिशेब ठेवत भारत मोजायला निघालेला माणूस विदर्भाच्याच मातीत आहे. विल्यम लॅम्बटन. त्याने १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. पुढे मात्र साखळीचे काम फारसे उरले नाही. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात; मग त्यातल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन मोजायचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून ते वर्तुळ ठोकून सरळ केले. गणिती असावा तर असा!

त्रिकोण उत्तरेकडे सरकत असताना, नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. मी बल्लारशाहून वर्धेकडच्या गाडीने तिथे गेलो होतो. कापसाची बाजारपेठ कोणीही दाखवतो. लॅम्बटनच्या कबरीचा पत्ता मात्र विचारत विचारत शोधावा लागला. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला लागले, त्या शिखराची उंची गणिताने काढणारे राधानाथ सिकदर मागे पडले आणि लॅम्बटन तर विस्मरणातच गेला. ही वाटणी मला पटत नाही.

पण मला सर्वांत जास्त मोह पडतो तो ओळंब्याच्या गोष्टीचा. तोच, गवंडी भिंतीला लावतो तो. ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ओळंबा बरोबर खाली हवा. याच मोजणीतल्या कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर त्रिकोणांनी काढले आणि ताऱ्यांवरूनही काढले. दोन्हींत ५.२३६ विकलांचा फरक! हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, हे कारण उघड होते. आर्चडीकन प्रॅट यांनी ती ओढ हिशेबाने काढली, तर फरक १५.८८५ विकलांचा यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो तेवढ्या जोराने ओढत नव्हता. १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी उलगडा मांडला: पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी जो जास्त वर दिसतो तो पाण्याखालीही जास्त खोल असतो, तशी डोंगरांची हलक्या खडकाची मुळे खालच्या जड थरात खोल बुडालेली असतात. मोजणीतल्या पाच विकलांच्या तफावतीतून भूगर्भशास्त्रात समतोलाची कल्पना रुजली. कुठे भूमिती, कुठे डोंगराचे पोट!

आता पुन्हा त्या वाढीव विकलांकडे, म्हणजे वक्रतेकडे; पुढचे झटपट सांगतो. गाउसने १८२७ साली वक्र पृष्ठांचे गणित मांडले, रीमानने १८५४ मध्ये ते कितीही मितींच्या अवकाशाला लावले आणि आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता असे सांगितले. शिरपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली.

आता ही वक्रता मोजण्याचे काम मराठवाड्यात येते आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटरची. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळाच्या वक्रतेतला तरंग, आली की या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो, तो टिपायचा. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली होती. मोजपट्टी बदलली, पण काम लॅम्बटनचेच.

दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांसाठी वडशाला येणारे पाहुणे पुष्कळ असतात. परतताना वाट थोडी वाकडी करा, हिंगणघाटला उतरा आणि सोबत शाळकरी पोरांना न्या.