अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची मुले : शिक्षकांसाठी काही विचार

पहिलीच्या वर्गात नाव दाखल करताना आपण मुलाची जन्मतारीख मोठ्या काटेकोरपणे लिहून घेतो. त्या दिवशी मुलाचे वजन किती होते आणि आईच्या पोटात किती आठवडे राहून ते जन्मास आले, ही चौकशी मात्र क्वचितच होते. दाखल्यासाठी ती आवश्यक नाही, हे खरे. तथापि अध्यापनाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत ज्या अर्भकांच्या जन्मवजनाची नोंद मिळाली, त्यांपैकी १८ टक्के अर्भके अडीच किलोहून कमी वजनाची होती. तीस मुलांच्या वर्गात सरासरीने अशी पाच मुले असू शकतात, असा याचा अर्थ होतो. या मुलांना समजून कसे घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन निराळ्या अवस्था

गर्भकाळ साधारणतः ४० आठवड्यांचा धरला जातो. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात, आणि २,५०० ग्रॅमहून कमी वजनाचे मूल कमी वजनाचे समजतात. पूर्वी या दोन्ही अवस्था एकच मानल्या जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६१ मध्ये हा भेद स्पष्ट केला. कारण दोहोंची मुळे निराळी आहेत. चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचे वजन त्या आठवड्याच्या मानाने योग्य असू शकते. त्याला वेळ कमी पडला. उलट, ३९ आठवडे पोटात राहूनही दोन किलोचेच भरलेले मूल असते. त्याला पोषण कमी पडले. काही मुलांच्या वाट्याला दोन्ही उणिवा येतात.

आईचा रक्तक्षय, तिचे स्वतःचे अपुरे वजन, कोवळ्या वयातील मातृत्व, दोन बाळंतपणांतील अल्प अंतर, हिवताप आणि तंबाखूचे सेवन ही यामागील परिचित कारणे होत. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मिश्री अथवा अन्य प्रकारे तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी आढळले. दात घासण्याची साधी सवय म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, तिचा भार असा बाळावर पडतो.

अखेरच्या आठवड्यांचे महत्त्व

गर्भकाळाचे अखेरचे आठवडे केवळ अंग भरण्याचे असतात, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश एवढेच असते. राहिलेली वाढ आणि मेंदूवरील अनेक वळ्या याच काळात घडतात. फुप्फुसे उघडी ठेवणारा स्निग्ध द्रव याच सुमारास पुरेसा तयार होऊ लागतो. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळही याच वेळी बसू लागतो. डोळ्याच्या आतील पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ तर जवळजवळ अखेरपर्यंत चालू असते. सातव्या महिन्यातले मूल जगते व आठव्यातले जगत नाही, हा समज यास्तव निराधार होय. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या हिताचाच असतो.

जगलेली मुले शाळेत येतात

पूर्वी अशी पुष्कळ मुले पहिल्या महिन्यातच दगावत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी देखभाल सुरू केली. १९९३-९५ या काळात तेथे जन्मलेल्या हजार बालकांमागे ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण सुमारे २५ वर आले. ऊब, स्वच्छता, आईचे दूध आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार, एवढ्या साधनांनी हे घडले. २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धती देशभर स्वीकारण्यात आली. जी मुले अशी वाचली, ती आज आपल्या वर्गांत बसतात. आरोग्यसेवेने त्यांना जगविले. पुढचे काम शाळेचे आहे.

या मुलांचे पुढे काय होते, याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील दीर्घ अभ्यासात मिळते. १९८७ ते १९८९ या काळात तेथे उपचार घेऊन घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्धिगुणांक सुमारे ९० भरला. योग्य वजनाने जन्मलेल्या मुलांचा सुमारे ९७ होता. वेळेपूर्वी जन्मलेली आणि वजनही दिवसांच्या मानाने कमी असलेली मुले सर्वांत मागे होती. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण ९० हा अंकही सामान्य मर्यादेतीलच आहे. त्याच अभ्यासात पाहिलेले हाताने उतरविणे, वाचन आणि गणित यांत या मुलांना अधिक अडचणी आल्या. तात्पर्य असे की, जन्मवजन हा शिक्षकाला मिळालेला इशारा आहे. तो मुलाविषयीचा निकाल नव्हे.

शिक्षकाने काय पाहावे

(१) दृष्टी : वेळेपूर्वी जन्मलेल्या मुलांत दूरचे न दिसणे व तिरळेपणा अधिक आढळतो. फळ्यावरून चुकीचे उतरविणारे मूल शेजाऱ्याच्या वहीतून बरोबर उतरवीत असेल, तर दोष बुद्धीचा नसून डोळ्यांचा असण्याचा संभव आहे.

(२) श्रवण : पाठमोरे असताना हाक मारल्यास मूल वळते काय, हे पाहावे. उच्चार अस्पष्ट असल्यास कानांची तपासणी सुचवावी.

(३) हाताचे काम : पेन्सिल धरणे, गुंड्या लावणे, आकृती उतरविणे यांत उशीर होत असल्यास अक्षराबद्दल शिक्षा करू नये. मणी ओवणे, माती मळणे, चिंचोके मांडणे यांसारखा सराव द्यावा.

(४) अवधान व गणित : एका दमात तीन सूचना न देता एकेक द्यावी. हातचा घेण्यापूर्वी काड्यांच्या जुड्या प्रत्यक्ष बांधून दाखवाव्यात व वेळ थोडा अधिक द्यावा.

(५) वय : दोन महिने आधी जन्मलेले मूल जन्मतारखेने सहा वर्षांचे असले, तरी गर्भकाळाच्या हिशेबाने दोन महिने लहानच असते. अंगणवाडीत दोन वर्षांपर्यंतच्या बालकाचे वय असा फरक वजा करूनच मोजावे. म्हणजे दहा महिन्यांचे असे बाळ बसत नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण राहणार नाही.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याने पाहिलेली गोष्ट नोंदवून ठेवावी, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ती नोंद त्यांच्यापुढे ठेवावी. आवश्यक तेथे पथक मुलाला पुढील तपासणीसाठी पाठविते. डोळ्यांचा किंवा कानांचा संशय असल्यास पथकाची वाट न पाहता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे.

जन्मवेळची माहिती विचारताना आईला एकीकडे बसवून, आपुलकीने विचारावे. अनेक घरांत माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवलेले असते. त्यात वजन लिहिलेले सापडते. बाळ लहान जन्मले याचा दोष आपला, असे तिला वाटता कामा नये. ही माहिती चारचौघांत बोलू नये, आणि मुलाला त्यावरून नाव तर मुळीच पाडू नये. ‘मंद’ हा शब्द एकदा चिकटला, की तपासणी मागे पडते आणि चष्म्याने सुटला असता असा प्रश्न चौथीपर्यंत तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट शाळेच्या हाती आहे. सातवीतील मुलगी शाळेत टिकली, तिचे लग्न लांबले आणि दर आठवड्याची लोहाची गोळी तिने नियमितपणे घेतली, तर पुढे तिचे बाळ पुऱ्या दिवसांचे व पुऱ्या वजनाचे होण्याची शक्यता वाढते. यंदा पहिलीचे दाखले भरताना दोन प्रश्न अधिक विचारावेत, आणि वरच्या वर्गातील गैरहजर मुलींच्या घरी एकदा अवश्य जाऊन यावे.