फोटोतला ड्रेस कोणत्या रंगाचा?



पाचवीला इतिहासाची साधने शिकवताना मी वर्गात एक जुना फोटो दाखवला. इंग्लंडची गाजलेली नटी एलन टेरी हिचा. १८८८ साली लंडनच्या लायसियम थिएटरात ती लेडी मॅकबेथ झाली होती, त्या वेषातला. विचारलं, "ड्रेसचा रंग कोणता?" सगळा वर्ग ओरडला, "तपकिरी!"

ड्रेस होता हिरवा. त्यावर खऱ्या भुंगेऱ्यांचे चमकणारे पंख शिवलेले होते (आपली पोरं काडेपेटीत सोनकिडा ठेवतात, तो आठवा). स्मॉलहाइथ इथल्या तिच्या घरात तो आजही जपलेला आहे. मग फोटो तपकिरी का? तेव्हा फोटोच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर द्यायचे. छाप मुळातच तपकिरी दिसायची, वर काळाने ती पिवळी पडते.

असे फोटो लोक हौसेने जमवत. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट काढलं, त्यामुळे फोटो स्वस्त झाले. जाड कार्डावर चिकटवलेले, साधारण ६ बाय १० सेंटिमीटरचे. पुढे मोठी 'कॅबिनेट कार्ड' आली. दुकानातून विकत आणायची आणि अल्बममध्ये लावायची. घरची माणसं, राणी व्हिक्टोरिया आणि नाटकातली नटी, सगळे एकाच अल्बममध्ये! नटांकडे नाक मुरडणाऱ्या त्या समाजात ही काही साधी गोष्ट नव्हे, असं मला वाटतं.

पण मुलांना एक जरूर सांगा. हे फोटो सहसा चालू नाटकात काढलेले नाहीत. रंगमंचावरचा गॅसचा उजेड कॅमेऱ्याला पुरायचा नाही. म्हणून कलाकार वेष घेऊन स्टुडिओत जात, रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहत. सुरुवातीच्या काळात तर काही सेकंद हलायचं नाही, म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. कधी कधी त्या स्टँडचा पाया पायांमागे दिसतो, नीट बघा. म्हणजे नाटक कसं झालं हे फोटो सांगत नाही. नटीला लोकांपुढे कसं दाखवायचं ठरलं होतं, तेवढं मात्र सांगतो. कार्ड उलटं केलं की स्टुडिओचं नाव-पत्ता, म्हणजे जाहिरातच!

तास संपताना एकाने विचारलं, "बाई, आमच्या आजीच्या जुन्या फोटोत शालू काळा दिसतो, तो कोणता असेल?"

म्हटलं, "आजीलाच विचार."

दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडत आला, "जांभळा होता बाई! आणि मागचा ताजमहाल खोटा!"