लग्न लांबलं, ॲडव्हान्स अडकला

मंगल कार्यालयाच्या पावतीवर तळाशी जांभळ्या शाईचा एक शिक्का हमखास असतो : ‘एकदा भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ बुकिंगच्या दिवशी तो कोणी वाचत नाही. तेव्हा सगळं डोकं मुहूर्तात, आचाऱ्यात आणि वरपक्षाला खोल्या किती द्यायच्या यात गुंतलेलं असतं. मग लग्न दोन महिन्यांवर आलेलं असताना नवरदेवाचे वडील जातात आणि मॅनेजर नेमकं त्याच शिक्क्यावर बोट ठेवतो.

शिक्का म्हणजे कायदा नव्हे, हे आधी लक्षात घ्यावं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ५६ सांगतं की, ठरलेली गोष्ट पार पाडणंच अशक्य झालं तर करार रद्द होतो, आणि कलम ६५ नुसार अशा वेळी घेतलेला लाभ परत करावा लागतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत कार्यालयं बंदच झाली, तेव्हा हा मुद्दा सरळ होता. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला फक्त २५ माणसं, एकच हॉल आणि दोन तास एवढीच मुभा होती. म्हणजे कार्यालय उघडं, पण पाचशे पानांची पंगत बेकायदा! तिथे वादाला जागा राहिली.

घरातल्या मृत्यूचं प्रकरण आणखी वेगळं. कार्यालय द्यायला मालक तयार असतो, अडचण आपली असते. इथे कलम ५६ फारसं उपयोगी पडत नाही. कामाला येतं ते कलम ७४. करार मोडल्यास अमुक रक्कम जप्त, असं लिहिलेलं असलं तरी वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा, हे सर्वोच्च न्यायालयाने फतेह चंद खटल्यात १९६३ मध्येच सांगितलं. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालात तर नुकसान झालेलंच नसेल तर भरपाईही नाही, हे स्पष्ट केलं. थोडी रक्कम इसार म्हणून ठेवून घेतली तर चालून जातं. सगळं भाडं मात्र इसार होऊ शकत नाही.

म्हणून खरा प्रश्न एकच : ती तारीख पुढे दुसऱ्या कोणाला दिली गेली का? ठरलेल्या दिवशी एखाद्या भाच्याला कार्यालयावर पाठवावं. दारात दुसऱ्याच चि. आणि चि. सौ. कां.ची फुलांनी सजवलेली पाटी असेल, तर तिचा फोटो दहा अर्जांपेक्षा जड भरतो. मालकाचीही बाजू आहे. मे महिन्यातला मुहूर्त आठ दिवस आधी सोडला तर नवं गिऱ्हाईक कुठून यायचं? तिथे निम्म्यावर तडजोड झाली तरी मला ती वाईट वाटत नाही. पण दोन महिने आधी कळवूनही ‘एक रुपया मिळणार नाही’ हे निव्वळ अडवणं झालं.

त्यासाठी कळवणं मात्र लेखी हवं आणि लगेच हवं. नुसता फोन पुरत नाही. ईमेल किंवा व्हॉट्सॲप, शिवाय स्पीड पोस्टाने पत्र, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. मूळ पावती आपल्याकडेच. ‘नवी तारीख घ्या, पैसे वळते करतो’ या प्रस्तावावर घाईने सही करू नये. वर्षाच्या आत उरकायचं की वर्ष पाळायचं, हे घरातच ठरलेलं नसतं.

मालक बधला नाही तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी, मग जिल्हा ग्राहक आयोगात जावं. मोजलेलं भाडं पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कार्यालय पुण्याचं असलं तरी नाशिककराला नाशिकमध्येच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. शिक्क्यातली अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून हवी असेल, तर मात्र २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे राज्य आयोग गाठावा लागतो. आपल्याला सहसा तेवढं लागत नाही. पैसे मिळाले की झालं.

आणि हिशेब मागताना ॲडव्हान्सवर लावलेला जीएसटी वेगळा मागावा. ‘तो सरकारकडे भरला’ हे उत्तर ठरलेलं असतं. पण कार्यक्रमच झाला नाही आणि ॲडव्हान्स परत करायचा, तर त्यासाठी कायद्यात रिफंड व्हाउचरची सोय आहे, हे मालकाच्या सीएला ठाऊक असतं.