प्रतिस्पर्ध्यांच्या मतांचा मान

इंग्लंड आणि वेल्समधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना दरवर्षी आपल्याच सभासदांच्या मतांनी हंगामातला सर्वोत्तम खेळाडू निवडते. प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, म्हणजे पीएफए, हे या संघटनेचे नाव. तिचा 'प्लेयर्स प्लेयर ऑफ द इयर' हा पुरस्कार १९७३-७४च्या हंगामापासून दिला जातो. मतदार सगळे मैदानात उतरणारे. पत्रकार, प्रशिक्षक किंवा निवड समिती यांना त्यात जागा नाही. शिवाय कोणत्याही खेळाडूला आपल्याच क्लबमधल्या सहकाऱ्याला मत देता येत नाही. या एका नियमामुळे पुरस्काराला त्याचे खरे वजन मिळते. ज्यांनी या खेळाडूला अडवण्यासाठी नव्वद मिनिटे धावाधाव केली आणि ज्यांच्याशी त्याने चेंडूसाठी झुंज घेतली, त्यांची मते त्याच्या पारड्यात पडलेली असतात.

हा पुरस्कार एका कामगार संघटनेचा आहे, हे विसरून चालत नाही. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्स या मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. त्या काळी खेळाडूचे वेतन आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड असावे, असे बंधन होते आणि क्लबच्या परवानगीशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. १९०९ मध्ये फुटबॉलच्या चालकांनी संघटना सोडण्याचा दबाव आणला, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत; त्यांनी स्वतःला 'आउटकास्ट्स एफसी', म्हणजे बहिष्कृतांचा संघ, असे नाव दिले. वेतनमर्यादा पुढे वाढत गेली, पण उठली नाही. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाचा इशारा दिल्यावर १९६१ मध्ये ती रद्द झाली. तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. त्यानंतर लवकरच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवू लागला. न्यूकॅसल सोडू पाहणाऱ्या जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यालाही संघटनेने बळ दिले आणि १९६३च्या निकालाने क्लबची खेळाडूवरची पकड सैल झाली.

पैसा आणि हालचालीचे स्वातंत्र्य मिळाल्यावर उरला होता तो मान. खेळाडूंची पारख तोवर इतरच करत होते. इंग्लंडमधल्या फुटबॉल पत्रकारांची संघटना १९४८ पासून वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडत होती आणि ब्लॅकपूलचा स्टॅन्ली मॅथ्यूज तिचा पहिला मानकरी होता. डेरेक डूगन अध्यक्ष असताना पीएफएने आपले मतदान सुरू केले. १९७४ मध्ये सेवेबद्दलचा पहिला विशेष पुरस्कार बॉबी चार्ल्टन यांच्याबरोबर क्लिफ लॉइड यांनाही मिळाला. लॉइड हे संघटनेचे सचिव. वेतनमर्यादेच्या लढ्यात ज्यांनी कागद सांभाळले आणि बोलणी केली, त्यांना चार्ल्टनसारख्या विश्वविजेत्याच्या शेजारी बसवणे अगदी योग्य होते.

पहिला विजेता लीड्स युनायटेडचा बचावपटू नॉर्मन हंटर. ही निवड आजही विचार करायला लावते. १७ ऑक्टोबर १९७३ रोजी वेम्ब्लीवर पोलंडविरुद्ध इंग्लंडला विजय हवाच होता. मैदानाच्या कडेला हंटरच्या पायातून चेंडू निसटला, लाटो तो घेऊन पुढे गेला आणि डोमार्स्कीने गोल केला. सामना १-१ असा सुटला. १९७४च्या विश्वचषकाचे दार इंग्लंडला बंद झाले. देशभर त्या एका चुकीची चर्चा होती. त्याच हंगामात लीड्सचा संघ लीगमधले पहिले २९ सामने हरला नाही आणि विजेता ठरला. हंटरची ओळख 'पाय चावणारा' अशी; त्याच्या धसमुसळ्या खेळाचा मार खाल्लेल्यांनीच त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवले. जनतेच्या मनात तो पोलंडविरुद्ध चुकलेला माणूस होता, तर खेळाडूंनी अख्ख्या हंगामातला हंटर पाहिला होता. पत्रकारांनी त्या वर्षी लिव्हरपूलच्या इयन कॅलाहनला निवडले.

दुसऱ्या वर्षीही बचावपटूच निवडला गेला, डर्बी काउंटीचा कॉलिन टॉड. तिसऱ्या वर्षी गोलरक्षक पॅट जेनिंग्ज आणि १९७८ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा गोलरक्षक पीटर शिल्टन. सुरुवातीची ही वर्षे पाहता गोल अडवणाऱ्यांची कदर खेळाडू अधिक करतात, असे कोणालाही वाटेल. पुढचा इतिहास मात्र तसा नाही. शिल्टननंतर एकाही गोलरक्षकाला हा मान मिळालेला नाही. पीटर श्मायकेल आणि पेट्र चेक यांनाही नाही. १९७४ ते २०२५ या ५२ हंगामांत बचावपटू फक्त सहा: हंटर, टॉड, गॅरी पॅलिस्टर, पॉल मॅकग्रा, जॉन टेरी आणि व्हर्जिल व्हॅन डाइक. ते दोन गोलरक्षक सोडले तर बाकी सारे मधल्या आणि आघाडीच्या फळीतले. गोलाची भुरळ खेळाडूंनाही पडते, आणि ही या मतदानातली खरी उणीव आहे.

म्हणूनच त्या सहांपैकी मॅकग्राची निवड मोलाची वाटते. गुडघ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या या आयरिश खेळाडूला मँचेस्टर युनायटेडने १९८९ मध्ये जाऊ दिले. ॲस्टन व्हिलात तो आठवडाभर सराव जवळजवळ न करता थेट सामन्यात उतरे. धावण्याची उणीव तो जागा हेरण्याच्या कसबाने भरून काढी. १९९२-९३ मध्ये व्हिलाचा संघ दुसरा आला आणि खेळाडूंनी मॅकग्राला निवडले. असे कसब गॅलरीतून सहज दिसत नाही, समोरच्या आघाडीपटूला ते पहिल्या दहा मिनिटांत जाणवते.

पत्रकार आणि खेळाडू यांची निवड अनेकदा वेगळी पडते. २०१६ मध्ये लेस्टर सिटीने अविश्वसनीय विजेतेपद मिळवले. पत्रकारांनी जेमी वार्डीला, तर खेळाडूंनी अल्जीरियाच्या रियाद महरेझला निवडले. २०११ मध्ये पत्रकारांची पसंती लीगमधून खाली घसरलेल्या वेस्ट हॅमच्या स्कॉट पार्करला होती. खेळाडूंनी टॉटनहॅमच्या गॅरेथ बेलला मते दिली. त्या हंगामात लीगमध्ये बेलचे गोल अवघे सात. ऑक्टोबर २०१० मध्ये मिलानच्या सान सिरोवर इंटरविरुद्ध त्याने केलेली हॅटट्रिक बहुतेक मतदारांच्या डोळ्यांपुढे असावी. १९९९ मध्ये मात्र दोघांचे एकमत झाले: टॉटनहॅमचा डेव्हिड जिनोला. त्याचा संघ लीगमध्ये अकरावा होता आणि मँचेस्टर युनायटेडने त्याच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

जिनोलाच्या निवडीमागे वेळापत्रकही होते. अनेक वर्षे मतपत्रिका हंगाम संपण्याच्या बऱ्याच आधी भरून घेतल्या जात आणि एप्रिलमध्ये लंडनच्या ग्रोव्हनर हाउस हॉटेलात समारंभ होई. विजेतेपदाचा निर्णय आणि अंतिम सामने त्यानंतर होत. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत चमकलेल्या खेळाडूवर अन्याय होई. २००९ मध्ये रायन गिग्जची निवड झाली, तेव्हा त्या हंगामात तो लीगच्या फार थोड्या सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. मतदारांनी एका वर्षाचा नव्हे, सबंध कारकिर्दीचा मान राखला. नियमाला धरून ही निवड चूकच म्हणावी लागेल, पण तिच्यामागचा आदर समजण्यासारखा आहे. २०२३ पासून समारंभ ऑगस्टमध्ये होतो, त्यामुळे पूर्ण हंगाम समोर ठेवून निवड होते. दुसरी मर्यादा अजून आहे. प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांतले खेळाडूही मत देतात आणि त्यांतल्या अनेकांनी उमेदवाराला फक्त टीव्हीवर पाहिलेले असते.

विजेत्यांच्या यादीतून इंग्लिश फुटबॉलचे बदलते रूपही दिसते. पहिली वीस वर्षे सगळे विजेते ब्रिटन आणि आयर्लंडमधले. १९९४ मध्ये फ्रान्सच्या एरिक कँटोनाने ती चौकट मोडली. २०१४ मध्ये उरुग्वेचा लुइस सुआरेझ युरोपबाहेरचा पहिला विजेता ठरला आणि दोन वर्षांनी महरेझ हा आफ्रिकेतला पहिला. २०१० मध्ये वेन रूनी निवडला गेल्यानंतर फिल फोडनपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत, एकही इंग्लिश खेळाडू निवडला गेला नाही. दोनदा जिंकणारा पहिला मार्क ह्यूज, लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला थिएरी ऑन्री. २०१८ आणि २०२२ नंतर २०२५ मध्येही मान मिळवून इजिप्तचा मोहम्मद सलाह तीनदा जिंकणारा पहिला खेळाडू झाला. लिव्हरपूलच्या त्या विजयी हंगामात लीगमध्ये त्याचे २९ गोल होते आणि १८ गोलांना त्याचा अखेरचा पास होता.

याच मतदानातून प्रत्येक विभागाचा वार्षिक संघ आणि तरुण खेळाडूही निवडला जातो. तरुणाची वयोमर्यादा हंगामाच्या सुरुवातीला २३ होती, ती नंतर २१ झाली. एकाच वर्षी दोन्ही पुरस्कार जिंकणारे तिघेच: १९७७ मध्ये अँडी ग्रे, २००७ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो आणि २०१३ मध्ये गॅरेथ बेल. महिला खेळाडूंसाठी पुरस्कार २०१३ मध्ये सुरू झाला आणि आर्सेनलची किम लिटल पहिली विजेती ठरली. पुरुषांमध्ये बचावपटूंना क्वचितच जागा मिळाली. इथे पुढच्याच वर्षी लूसी ब्राँझ ही बचावपटू निवडली गेली आणि २०१७ मध्ये पुन्हा तीच.

ही पद्धत इतर देशांतल्या खेळाडूंनीही उचलली. जागतिक संघटना फिफप्रो २००५ पासून जगभरच्या खेळाडूंच्या मतांनी अकरा जणांचा संघ निवडते. भारतात २००६ मध्ये बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि गोव्यासह देशभरच्या क्लबांतले व्यावसायिक खेळाडू तिचे सभासद झाले. २००९ पासून वर्षातला सर्वोत्तम भारतीय खेळाडू ही संघटना सभासदांच्या मतांनीच ठरवू लागली.