मुलाच्या नावाची गोष्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत पावसाळ्यात हे आकडे मोठ्यांच्या तोंडी असतात. पाणी चढू लागले की माणसे जनावरांसह सोनतळीकडे निघतात. हे काय चालले आहे, ते चार वर्षांच्या मुलाला मात्र बहुधा कोणी सांगत नाही. अशा प्रसंगाची, त्या मुलाच्याच घरातली छोटी गोष्ट लिहून ती आधीच वाचून दाखवायची, ही ‘सोशल स्टोरी’ची पद्धत. तिच्याविषयी काही चुकीच्या समजुती पसरल्या आहेत.

‘ही गोष्ट फक्त स्वमग्न मुलांसाठी.’

समज निराधार नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास स्वमग्न विद्यार्थ्यांसाठीच ही पद्धत घडवली आणि संशोधनही मुख्यतः त्याच मुलांवर झाले. पण काय होणार, सोबत कोण असणार, हे कधी संपणार, हे प्रश्न कुठल्याही लहान मुलाला पडतातच.

‘गोष्टीतून मुलाला शहाण्यासारखे वागायला शिकवायचे.’

सर्वांत रुजलेला गैरसमज हाच, आणि तो साहजिक आहे. इसापनीती, पंचतंत्र ऐकत वाढलेल्या घरांत गोष्ट म्हटली की शेवटी तात्पर्य हवेच असते. त्यामुळे ‘शहाणी मुले रडत नाहीत’ असे वाक्य हातून सहज लिहिले जाते. ग्रे यांची अट याच्या उलट आहे: वर्णनाची वाक्ये सूचनांपेक्षा निदान दुप्पट हवीत. उदाहरणार्थ: ‘खूप पाऊस पडला की नदीचं पाणी वाढतं. मग आम्ही सोनतळीला जातो. आपल्या म्हशी पण येतात. तिथं खूप माणसं असतात, रात्री आवाज येतो. मला भीती वाटली तर आज्जीचा हात धरता येतो. पाणी उतरलं की बाबा घर बघायला जातात.’ यात करण्याजोगी गोष्ट एकच, तीही सक्तीची नाही. भीतीला मज्जाव नाही, तिचे नाव घेतलेले आहे. ‘घर जसेच्या तसे असेल’ असेही लिहिलेले नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत कित्येकांच्या भिंती पडल्या. खोटा दिलासा पुढच्या वर्षी मुलाच्या लक्षात राहतो.

‘तयार गोष्टीत मुलाचे नाव घातले की ती त्याची होते.’

स्वतःचे नाव ऐकून मूल खुलते, म्हणून हे पटते. पण मुलाची काळजी नावात नसते. एकाला म्हशीचा घोर असतो, दुसऱ्याला दप्तर भिजेल याचा. म्हणून आधी मुलाचे ऐकावे, मग लिहावे. फोटो त्याच्याच दाराचा, त्याच्याच गोठ्याचा असावा. शब्द घरात बोलतात तेच असावेत. कोल्हापूरला हे परके नाही. मुलांच्या अनुभवातून शिक्षण उभे करण्यासाठी लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये याच शहरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले.

‘मूल रडू लागले की गोष्ट काढावी.’

घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी जवळ घ्यावे. गोष्ट वाचायची ती मे-जूनमध्ये, मूल निवांत असताना, पुन्हा पुन्हा. ऐन रडण्याच्या वेळी काढली तर तिची शिक्षाच होते.

‘गोष्ट वाचली की भीती जाते.’

ब्रिटनमधल्या ८७ शाळांतील २४९ स्वमग्न मुलांवर एक मोठी चाचणी झाली. सोशल स्टोरीमुळे त्यांच्या एकंदर सामाजिक वागण्यात ठळक फरक दिसला नाही. मात्र प्रत्येक मुलासाठी ठरवलेले नेमके उद्दिष्ट गाठण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे ‘धीट हो’ यासाठी गोष्ट लिहून फारसे साधत नाही. ‘सोनतळीतल्या पहिल्या रात्री आज्जीजवळ झोपणे’ यासाठी लिहावी. पूर ओसरून महिने लोटले तरी मूल रात्री दचकून उठत असेल, जेवत नसेल, तर गोष्टीवर विसंबू नये. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.