जुनी मोटार आणि दुसरा गिअरबॉक्स

जुन्या मोटारीचा रंग उडाला तर तो शेजाऱ्यालाही दिसतो; गिअरबॉक्सचे म्हातारपण मात्र प्रथम कळते ते चालविणाऱ्याच्या हाताला. दुसरा गिअर घालताना दांडा किंचित अडतो, आतून खरखर उमटते, आणि पुढे एखाद्या दिवशी चढणीवर गिअर आपण होऊन सुटला म्हणजे मालकाला निर्णय टाळता येत नाही. आहे तोच गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करावा, की तो उतरवून दुसराच बसवावा? वरकरणी हा मेस्त्रीने सोडवावयाचा प्रश्न. परंतु ज्या गुणांसाठी आपण ती मोटार इतकी वर्षे सांभाळली, ते गुण नेमके कोठे वसत होते, याचा विचार केल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

उदाहरणादाखल ‘एमजीबी’ या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीचेच घेऊ. अॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर मोटारी तयार झाल्या आणि त्यांतील कितीतरी अजून रस्त्यावर आहेत. तिचे १७९८ सी.सी.चे इंजिन ज्या ‘बी सीरीज’ घराण्यातले, त्याच घराण्यातील १४८९ सी.सी.च्या इंजिनावर आपली अॅम्बॅसडर वर्षानुवर्षे धावली. अॅम्बॅसडर चालविलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल की तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकावयाचा तर ‘डबल क्लच’ची विद्या अवगत असावी लागे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीची गत हीच होती. त्यानंतरच्या मोटारींत चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाला.

आजच्या मालकाला हवा असतो तो पाचवा गिअर. चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना या इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे घ्यावे लागतात, आणि लांबच्या प्रवासात तो आवाज कानाला नकोसा होतो. म्हणून फोर्ड सिएराचा ‘टाइप ९’ किंवा माझदा एमएक्स-५ चा पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसविण्याची प्रथा पडली आहे. येथे थोडे गणित केले पाहिजे. फोर्डच्या पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८२, माझदाचे ०.८१. आणि एमजीबीसाठी कारखान्यातूनच मिळणाऱ्या, चौथ्यावर बटण दाबताच क्लचशिवाय लागू होणाऱ्या लेकॉक ओव्हरड्राइव्हचे? तेही ०.८२! म्हणजे तिन्ही उपायांनी इंजिनाचे फेरे सुमारे २,८५० वरच उतरतात. शिवाय तो ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरवरही चालतो, हा लाभ वेगळाच.

फरक पडतो तो खालच्या गिअरांत, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९६७ नंतरच्या एमजीबीत पहिला ३.४४ व दुसरा २.१७, फोर्डमध्ये ३.६५ व १.९७. पहिल्यात ४,००० फेऱ्यांपर्यंत नेऊन दुसरा टाकला तर मूळ गिअरबॉक्समध्ये इंजिन सुमारे २,५०० वर येते, फोर्डमध्ये २,१५० वर. सपाट रस्त्यावर हे जाणवणार नाही. चोर्ला घाटासारख्या वळणावळणाच्या चढणीवर खचित जाणवेल. पहिला गिअर बदललेले टाइप ९ काही कारागीर तयार करतात; घ्यावयाचाच तर तसा घ्यावा. माझदाची दुसऱ्यापर्यंतची उडी लहान आहे, पण पहिलाच ३.१४ असल्याने चढावर गाडी उचलताना क्लचला अधिक झिजावे लागते. (ज्या सिएराचा हा ‘नवा’ गिअरबॉक्स, ती १९८२ सालची. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचाच आधार!)

बसविण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत त्याच कारखान्याचा पुढचा गिअरबॉक्स बसवावा, ही सूचना सहज सुचणारी. पण तो आकाराने मोठा आणि जुन्या मोटारीचा बोगदा अरुंद, म्हणून पत्रा कापावा लागतो. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. बोगदा हा तिच्या बॉडीचाच, भार पेलणारा भाग आहे. तो कापणे म्हणजे मोटारच कापणे होय. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते, ती चेसिस, बॉडी शेल वा इंजिन यांत फेरफार केलेला नसेल तर. बोल्ट काढून परत पूर्ववत करता येण्याजोगा बदल आणि करवत लावून केलेला बदल यांतील भेद मालकाने आधीच ओळखला पाहिजे.

आमचे मत असे की, १९६७ नंतरची मोटार असेल आणि गिअरबॉक्सचे कवच शाबूत असेल, तर नवे बेअरिंग व सिंक्रोमेशच्या कड्या घालून तोच दुरुस्त करावा, आणि ओव्हरड्राइव्ह नसेल तर ओव्हरड्राइव्हसह मिळणारा त्याच जातीचा गिअरबॉक्स शोधावा. त्याआधीच्या मोटारीत पहिल्या गिअरचे दातेच गेले असतील आणि सुटा भाग मिळत नसेल, तर पत्रा न कापता बसणारा पाच गिअरांचा गिअरबॉक्स घेण्यात कमीपणा नाही. मात्र मूळ गिअरबॉक्स भंगारात न देता तेल लावून जपून ठेवावा.

या मोटारीचे इंजिन व गिअरबॉक्स बहुधा एकत्रच बाहेर काढावे लागतात आणि मजुरीचा मोठा भाग त्या उतरविण्या-चढविण्यातच जातो. तेव्हा क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यावे. दुरुस्त केलेला मूळ गिअरबॉक्स परत चढविल्यावर मेस्त्री सवयीने गिअर ऑइलचा डबा उघडील, त्याला थांबवावे. कारखान्याने या गिअरबॉक्ससाठी इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० तेल सांगितले आहे आणि ओव्हरड्राइव्हही त्याच तेलावर चालतो.